मागच्या तोंडाचे डोळे

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू गेल्यापासून चौदा वर्षांत तुला कधी लिहिलं नाही. आता मेल्यावर तरी येत असेल, असं धरून चालते. पंधरा दिवसांपूर्वी शाळेत वनखात्याच्या रेंज ऑफिसचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या खात्यातलं." चित्रकलेच्या शिक्षिकेचं खातं म्हणजे गॅदरिंगचे पडदे, झेंडावंदनाची रांगोळी, साहेब येणार असले की फळ्यावर फुलं. या वेळी मात्र मोह वेचायला जाणाऱ्या बायांसाठी चाळीस मुखवटे हवे होते, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. मुलचेऱ्याकडच्या जंगलातही आता वाघ फिरतात. मी इथे बदलून आले त्याला सहा वर्षं झाली, पण तू कशी गेलीस ते मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. मी पत्राखाली सही केली आणि कामाला लागले. पोरांनी मडकी उपडी घालून त्यांवर कागदाचा लगदा थापला, नाकं बसवली, तोंडं वाळवली. आज शाळा सुटल्यावर व्हरांड्यातून येताना पाहिलं, तर दोरीवर चाळीस पांढरी तोंडं टांगलेली, एकालाही डोळे नाहीत, आणि वारा आला की सगळी एकदम माझ्याकडे वळायची. मी चप्पल हातात घेऊन त्यांच्यासमोरून गेले. पस्तिशी गाठलेली बाई कागदाच्या लगद्याला घाबरते, हे पोरांनी पाहिलं असतं तर वर्षभर हसली असती. उद्या ती रंगवायची आहेत. त्याआधी मला तुला एकच विचारायचं आहे. मी केलेला मुखवटा वाईट आहे हे तुला कळत होतं, तरी तू तो घालून का गेलीस?

मला आपली मोहाची तीन झाडं आठवतात. गावात ज्याची त्याची झाडं ठरलेली, आपली नाल्याच्या अंगाला होती. मी सात-आठ वर्षांची असेन. फुलं गळायला लागण्याआधी तू झाडाखालचा पाला झाडून गोळा करतेस, पेटवतेस, आणि हातात ओली फांदी घेऊन आगीभोवती फिरत राहतेस. मग झाडाखाली एक काळं वर्तुळ उरतं. मी विचारते, कायले जाळतेस? तू कमरेवर हात ठेवून म्हणतेस, "पिवळं पिवळ्यावर कसं दिसन वो? आंधी जमीन काळी कर. मंग फूल आपोआप बोलते." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काळ्यावर मोहाची फुलं पडलेली असतात, फिकी, ओलसर, आणि खरंच एकेक फूल वेगळं दिसत असतं. पुढे चंद्रपूरला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करताना सरांनी दोन तास घेऊन आम्हाला 'विरोध' शिकवला. एकच राखाडी चौकोन काळ्या कागदावर ठेवला की उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर ठेवला की मळका दिसतो. मी वहीत ठळक अक्षरांत उतरवून घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला तुझी आठवण आली नाही. खेड्यातली, मोह वेचणारी माझी माय आणि कलेची मूलतत्त्वं यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात यायलाच बरीच वर्षं गेली.

तुझं बोलणंही त्याच रीतीचं होतं. माझ्या हातून दुधाचं भगुनं सांडलं की तू म्हणायचीस, "वा, मोठी शायनी माही पोट्टी." मी सावळी, तर तुझ्या तोंडी मी गोरीबाई. घरातल्या मांजरीला दिवसभर वाघीण म्हणून शिव्या द्यायचीस आणि जंगलात पाऊल टाकलं की खऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तिथे नुसतं 'जनावर', तेही हळू. लग्नात बाया व्याहिणीला शिव्यांची गाणी म्हणायच्या तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तुझा, आणि पोरगी निघाली की सगळ्यांत आधी रडणारीही तूच. मी हसले होते एकदा, तर तू म्हणालीस, "पोटभर हासलं नाई तं रडू बाहेर निंगत नाई." मी हे सगळं आता वर्गात सांगते. गोष्ट लिहिताना दुःखाच्या शेजारी हसू ठेवा, चित्रात उजेडाच्या शेजारी अंधार ठेवा. पोरं मन लावून ऐकतात. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर मी म्हणते, आमचे एक सर होते.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात मी कोर्स संपवून घरी आले होते आणि स्वतःला फार काही समजत होते. शेजारच्या दोन गावांत जनावरानं दोन माणसं नेली होती. वनरक्षक आपल्या अंगणात खाटेवर बसून समजावत होता, "तो मागून येते, बाई. समोरून तोंड दिसलं की बिचकते. म्हनून मागंबी तोंड लावाचं. डोळे मोठे पायजेत, दुरून दिसले पायजेत." आपल्या मोहल्ल्यातून सहा जणी जायच्या. पाच मुखवटे मी एका दिवसात उरकले. पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळी जाड वर्तुळं, लाल ओठ, वर मिशी. शेजारच्या काकूनं आपला हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे तं माह्या सासऱ्यावानी दिसते वो!" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला ते मुखवटे बघवत नव्हते. माझ्या मते ते बुजगावणी रंगवायचं काम होतं.

सहावा तुझा. त्याला मी आठ दिवस लावले. तू अंगणात सुपात तांदूळ निवडत बसायचीस आणि मी तुझ्यासमोर बसून तुझंच तोंड काढत होते. गेरू, पिवळी माती, थोडा तपकिरी, गालावर एक छटा दुसरीत कशी मिसळते ते दिसूही नये इतकी हळुवार. तू सुपात पाहत होतीस, म्हणून डोळे अर्धे मिटलेले आले. वरून वार्निश मारलं. माझ्या हातून तोवर झालेलं सगळ्यांत चांगलं काम होतं ते, आणि माय, अजूनही तेच आहे. तू तो मुखवटा उचललास, अंगणाच्या टोकाला नेऊन कुंपणाच्या खुंटाला टांगलास, परत ओट्यापर्यंत आलीस आणि डोळे बारीक करून पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "सुंदर हाय. पन इथून डोळेच नाई दिसून राह्यले. थोडं काळं टाक."

मी म्हणाले, "तुला चित्रातलं काय कळतं?"

'तुले' नाही, 'तुला'. घरात आपण दोघी कधी असं बोललो नव्हतो. भांडतानासुद्धा आपली भाषा एकच असायची. त्या दिवशी मी मुद्दाम चंद्रपूरच्या वर्गातली भाषा काढली. त्या एका शब्दानं तुला ओट्याखाली उभं केलं आणि मला ओट्यावर. तुला ते बरोबर कळलं. तू नुसतं म्हणालीस, "बरं मॅडम." आणि चुलीकडे गेलीस. संध्याकाळी पाहते तर तू मुखवटा मागे बांधून मोहल्लाभर फिरत होतीस. "पाहा वो, माह्या पोरीनं माहं तोंड काढलं." मी दारात उभी राहून खूश झाले. त्यात तुझं काय चाललं आहे हे समजण्याइतकी मी शहाणी नव्हते.

त्या वर्षी झाडाखाली जाळायला बंदी होती. आग पसरते, जंगल जातं, वनरक्षकाचं म्हणणं खरंच होतं. तुम्ही बाया खराट्यानं पाला लोटायचात, पण वरून नवा पडायचा, आणि पिवळ्यावर पिवळं शोधायला जास्त वेळ वाकून राहावं लागायचं.

आणि ती निघण्याची वेळ. ती मला अजून सोडत नाही. उजाडायच्या आधी थोडं फटफटतं तेव्हा तुम्ही सहा जणी टोपल्या घेऊन एकामागे एक निघायचात. तू दारातून "येतो वो" म्हणायचीस. 'जाते' असं तू उभ्या जन्मात म्हटलं नाहीस. तू सगळ्यांत मागे चालायचीस. मी दारात उभी. तुम्ही गावाकडे पाठ करून जंगलाकडे जात असता आणि सहाही तोंडं माझ्याकडे बघत असतात. पाच डोळे वटारलेली आणि एक तू, शांत, मान हलकेच डुलते आहे, गालात हसल्यासारखी. तू जात असतेस आणि तुझं तोंड येत असतं. पाय तिकडे पडतात, चेहरा इकडे. दर पावलाला तो लहान होत जातो, पण वळत नाही. पहिल्या दिवशी मी हात हलवला. दुसऱ्या दिवशी हलवला नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी दार आतून लावून घ्यायला लागले, आणि तुला सांगितलं की मला झोप येते.

बाराव्या दिवशी तू आली नाहीस. त्या दिवशीचं मला काकूनं सांगितलं. मुखवट्यात एक खोट होती, ती तुम्हा सगळ्यांना दोन दिवसांत कळली होती. मोह वेचायला वाकलं की मागचं तोंड वर होतं आणि आभाळ बघत बसतं. काकू म्हणे तूच हसून म्हणाली होतीस, "जनावर का आभाळातून येनार हाय?" म्हणून तू तुझा मुखवटा काढून झाडाच्या फांदीला, माणसाच्या उंचीवर बांधायला लागलीस. तो वाटेकडे तोंड करून राहायचा आणि तू त्याच्याखाली वेचायचीस. त्या दिवशी काकूची टोपली आधी भरली. ती तुझ्या झाडाकडे आली. लांबून तिला तू झाडाला टेकून उभी दिसलीस, तिच्याकडेच पाहत. तिनं हाक मारली, "चाल वो, झालं का?" तू बोलली नाहीस. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. ती तुझ्याशी बोलत बोलतच जवळ आली, घरचं, पोरांचं, काय काय. दहा पावलांवर आल्यावर तिला दिसलं की तोंडाखाली काही नाही. खाली टोपली कलंडलेली होती आणि पालापाचोळ्यात नाल्याच्या बाजूला एक पट्टा साफ झालेला होता, खराट्यानं लोटावा तसा. आवाज कसलाच नाही. पाखरंसुद्धा बोलत नव्हती, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, पंचनामा झाल्यावर, वनरक्षक मुखवटा घरी घेऊन आला. त्या दिवसाबद्दल शेवटी सांगते. मयतीला आलेल्या लोकांनी तो भिंतीवर पाहिला आणि मला जपून बोलले. "पोरी, तुहा काई दोष नाई." असं जो तो म्हणतो तेव्हा दोष कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पाच वटारलेल्या डोळ्यांच्या बाया घरी आल्या आणि मिटल्या डोळ्यांची आली नाही, हा हिशेब करायला शिक्षण लागत नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, केवढी समजूतदार पोरगी. पुढे त्या गावात मी राहिले नाही. मुखवटा मात्र जिथे बदली झाली तिथे बरोबर नेला. आज तो या खोलीत माझ्या मागच्या भिंतीवर आहे, आणि एक गोष्ट मला भीती घालते. तुझं तोंड आठवायला गेले की मला तुझं तोंड आठवत नाही, मी काढलेलं आठवतं. चुलीपुढे बसलेली तू, रागावलेली तू, तापात माझं डोकं चेपणारी तू, सगळीकडे तेच एक तोंड, तेच अर्धे मिटलेले डोळे, वार्निशची तीच चमक. खरा चेहरा त्या पहाटे पलीकडच्या बाजूला होता, जंगलाकडे. तो शेवटचा कोणी पाहिला ते मला माहीत आहे, आणि त्याचं नाव मीही घेत नाही.

माझ्या वर्गात एक बंगाली पोरगी आहे, जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या गावाची. घरी बांगला, मैदानात हिंदी, माझ्याशी मराठी. हात फार चांगला आहे तिचा. आज ती पांढरा मुखवटा मांडीवर घेऊन विचारत होती, "मॅडम, हा सुंदर काढू की डोळेवाला काढू?" तिची आई मोह वेचायला जाते. तिनं तो मुखवटा आईसाठी वेगळा काढून ठेवला होता, मला ते दिसत होतं. मी म्हणाले, उद्या सांगते. मला तिथेच सांगता आलं असतं. साधं उत्तर आहे, तूच दिलेलं आहे. पण तिनं विचारलं असतं, का मॅडम, तर मला पुढे बोलावं लागलं असतं.

आता काकूचं सांगते. मागच्या रविवारी मी गावी गेले होते. ती थकली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण जीभ होती तशीच आहे. मी मुखवट्यांचं काम आलं आहे असं सांगितलं, तर तिनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "बाई, एक इचारू? त्या दिवशी मले ती खरी काऊन वाटली, तुले मालूम हाय? लांबून डोळे दिसत होते म्हनून. तू काढले ते डोळे तं दुरून दिसतच नोहते."  ती पुढे म्हणाली, "ती रोज झाडाखाली गेली की जुन्या जळक्या खुंटाचा कोळसा घे आन् बोटानं डोळे काळे करे. मोठे मोठे. आन् घरी निंगाच्या आंधी पदरानं सारं पुसून टाके. मी म्हनलं, कायले पुसतेस वो? तं म्हने, पोरीनं आठ दिस बसून काढलं, तिले दिसलं तं वाईट वाटन."

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर गावात चौदा वर्षं बसून होतं. जंगलात तू माझा मुखवटा तसाच राहू देतच नव्हतीस. तुला जे कळत होतं ते तू रोज करत होतीस, आणि माझं मन राखायला रोज पुसत होतीस. त्या दिवशी पुसायला कोणी उरलं नाही. जनावर नाल्याकडून आलं. मुखवटा, तुझे काळेभोर डोळे लावलेला, वाटेकडे बघत होता. माझ्या चित्राचा त्यात काही संबंध नव्हता. मी सुटले असं वाटायला हवं होतं, नाही का?

पण काकूचं संपलं नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि तिचा बरा डोळा माझ्यावर रोखला. "मंग गार्डानं तो तुह्या हातात देल्ला. आन् आमी मयतीले आलो तं भितीवर होता, आन् त्याले डोळे नोहते. मी कोनाले बोलली नाई. तुही माय पदरानं पुसे. तू कायनं पुसलं?"

मी तिला म्हणाले की मला आठवत नाही. म्हणाले, बस निघेल, आणि उठले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. उद्या त्या पोरीला डोळे काळे करायला सांगेन, आणि आमच्या सरांचं नाव सांगणार नाही, तुझं सांगेन. तेवढं जमेल असं वाटतं. पण काकूला जे सांगता आलं नाही ते तुला सांगते. वनरक्षक दारात मुखवटा देऊन गेला तेव्हा मी एकटी होते. त्या दोन काळ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कोणी काळं केलं ते मला त्याच क्षणी कळलं, बोटांचे ठसे तुझे होते. लोक यायला लागले होते. माझ्या चित्रात माझ्या मायनं दुरुस्ती केली आहे हे ते बघतील, एवढंच माझ्या मनात आलं. तुझं मरण त्या वेळी मनात नव्हतं.

ओढणीनं पुसलं, माय. थुंकी लावून.